सेट टॉप बॉक्सला बाहेरची हार्ड डिस्क : आधी बॉक्सची जात ओळखा, मग दुकानात जा

सोल्डरगन

"माझ्या बॉक्सला कुठली हार्ड डिस्क चालेल?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली राहतात, म्हणून हा एकच धागा. माझ्या मते प्रश्नच उलटा आहे. डिस्क कुठली हे नंतर. लावलेल्या डिस्कचं बॉक्स करतो काय, हे आधी. मागच्या बाजूला सगळ्यांना डिस्क लावायचं भोक असतं, पण आतला कारभार चार तऱ्हेचा असतो.

पहिली जात, ज्यात स्वतःची डिस्कच नाही. यूएसबीला जे लावाल तेच गोदाम. फ्री डिशच्या छत्रीवर चालणारे बाजारातले बहुतेक बॉक्स असे. दुसरी जात एकत्र खात्याची : आतली डिस्क आणि बाहेरची डिस्क मिळून एकच मोठी जागा धरली जाते. तिसरी बदली कामगाराची : बाहेरची लावली की आतली रजेवर जाते. चौथी पोटमाळ्याची : रेकॉर्डिंग आतच होतं, जुनं सामान तेवढं बाहेरच्या डिस्कवर हलवता येतं. दुसऱ्या जातीत डिस्क उपटली तर रेकॉर्डिंग मेलं. तिसऱ्या जातीत उपटली तर जुनं परत दिसतं. चौथ्या जातीत काहीच बिघडत नाही. एकच कृती, तीन निकाल. म्हणून म्हटलं, जात आधी.

आपल्याकडच्या बहुतेकांचा संबंध पहिल्या जातीशी, तेव्हा पुढचं त्याबद्दल.

जागेचा हिशोब : चॅनलचा बिटरेट (सेकंदाला किती माहिती येते तो आकडा) मेगाबिटमध्ये घ्या आणि ०.४५ ने गुणा, ताशी किती जीबी ते मिळतं (१ मेगाबिट × ३६०० सेकंद ÷ ८ = ४५० मेगाबाइट). ३ मेगाबिटचं साधं चॅनल ताशी १.३५ जीबी खातं, ८ मेगाबिटचं एचडी ३.६ जीबी. अर्ध्या तासाची मालिका साध्या चॅनलवर जाहिरातींसकट पाऊण जीबीच्या आत बसते. १ टीबीच्या डिस्कवर साधं सुमारे ७४० तास, एचडी सुमारे २७५ तास. बिटरेट माहीत नसेल तर १० मिनिटं रेकॉर्ड करा, फाइल किती झाली ते बघा आणि ६ ने गुणा. चॅनलवाले बिटरेट बदलत राहतात, त्यामुळे कागदावरच्या आकड्यापेक्षा ही १० मिनिटं जास्त खरी. आणि हो, १ टीबीची डिस्क संगणकावर ९३१ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या.

वेगाची काळजी करू नका. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. यूएसबी २.० ला ते काहीच नाही. "यूएसबी ३ ची डिस्क जुन्या बॉक्सला चालेल का" याचं उत्तर : चालते, २.० च्या वेगाने. अडतं ते करंटवर आणि फॉरमॅटवर.

वैनगंगा

करंटचंच विचारायचं आहे. १६ जीबीचा पेनड्राइव्ह व्यवस्थित रेकॉर्ड करतो. २ टीबीची अडीच इंची डिस्क लावली की टक् टक् आवाज, आणि तिसऱ्या टकला बॉक्स रीस्टार्ट. तीच डिस्क लॅपटॉपला उत्तम चालते. बॉक्स खराब की डिस्क?

सोल्डरगन

दोन्ही ठीक असतील. यूएसबी २.० च्या पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यायचे असा दंडक आहे. डिस्कच्या खालचं लेबल वाचा, ५ व्होल्टपुढे ०.७ पासून १ अँपिअरपर्यंत आकडा असतो. थाळी फिरायला सुरुवात होते त्या सेकंद-दोन सेकंदांत सगळ्यात जास्त ओढ असते. पोर्ट खाली बसतो, डिस्कचं डोकं परत जागेवर जातं, पुन्हा प्रयत्न, तो तुमचा टक् टक्. व्होल्टेज आणखी पडलं की बॉक्सचा प्रोसेसरच झोपतो आणि रीस्टार्ट. लॅपटॉपचे पोर्ट हात सैल सोडून करंट देतात म्हणून तिथे चालते.

बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर त्यावर बॉक्स, छत्रीवरचा एलएनबी (सिग्नल पकडणारी डबी) आणि ही डिस्क असे तिघे जेवायला बसलेत. एलएनबीला चॅनलप्रमाणे १३ किंवा १८ व्होल्ट त्याच ताटातून जातात. म्हणून अशा बॉक्सवर काही चॅनलना डिस्क चालते आणि काहींना नाही, असा विचित्र अनुभव येऊ शकतो.

उपाय : स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब, ५ व्होल्ट २ अँपिअर किंवा वरचा. डिस्क हबला, हब बॉक्सला. दोन शेपट्यांची वाय केबल हा स्वस्तातला मार्ग, पण दुसरी शेपटी बॉक्सच्याच दुसऱ्या पोर्टला लावली तर उपयोग शून्य, कारण दोन्ही पोर्ट बहुतेक वेळा एकाच रेग्युलेटरवर असतात. दुसरी शेपटी मोबाइलच्या चार्जरला लावा.

फ्यूज

हबबद्दल एक खोच. स्वस्त हब बॉक्सच्या दिशेने उलटा करंट सोडतात. बॉक्सचा स्विच बंद केला तरी पुढचा लाल दिवा मंद पेटलेला राहतो, आणि चालू केल्यावर बॉक्स "बूट" या शब्दावर अडकून बसतो. तपासायची पद्धत सोपी : बॉक्सची पिन काढा, हबची राहू द्या. बॉक्सवर कुठलाही दिवा दिसला तर तो हब परत करा. बदलणं शक्य नसेल तर बॉक्स आणि हब दोघे एकाच स्विचवर घ्या, म्हणजे दोघे एकदमच मरतील आणि एकदमच जगतील.

दुसरं, केबल. एक फुटाची जाड केबल आणि दीड मीटरची बारीक केबल यांत डिस्कच्या टोकाला मिळणाऱ्या व्होल्टमध्ये चांगलाच फरक पडतो. बोटाएवढा यूएसबी मीटर मिळतो, तो मध्ये लावून डिस्क सुरू होताना आकडा बघा. ४.७५ च्या खाली जात असेल तर आधी केबल बदला, मग बाकीचं.

साडेतीन इंची डिस्क, जिचा स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असतो, तिला हा त्रास नाहीच. टीव्हीच्या कपाटात जागा असेल तर मी तीच सुचवेन. फक्त ती बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका. बॉक्सची गरम हवा वर जाते आणि डिस्क भाजून निघते.

चकतीप्रेमी

फॉरमॅटचा मुद्दा सोल्डरगन यांनी एका शब्दात उरकला, मला तोच मोठा वाटतो.

नियम एक : बॉक्सच्या मेन्यूत फॉरमॅटची सोय असेल तर संगणकावर काहीच करू नका, बॉक्सकडूनच करून घ्या. त्याला काय पचतं ते त्याला माहीत. नियम दोन : संगणकावरच करायचं असेल तर एकच पार्टिशन, तेही एमबीआर पद्धतीचं (डिस्कची विभागणी लिहून ठेवायची जुनी पद्धत). नव्या डिस्कवर बऱ्याचदा जीपीटी ही नवी पद्धत असते, ती साध्या बॉक्सना दिसतच नाही. "यूएसबी नाही" असा संदेश येतो आणि लोक पोर्टला शिव्या घालतात. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो, ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर मजल २.२ टीबीपर्यंत. म्हणून २ टीबीपर्यंतचीच डिस्क घ्या. ४ टीबी स्वस्तात मिळते म्हणून घेऊन आलात तर तिचा निम्मा भाग शोभेचा.

डिस्कवर फाइली मांडायची पद्धत कुठली, फॅट३२ की एनटीएफएस? फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. चांगले बॉक्स फाइल आपोआप तोडून पुढचा तुकडा सुरू करतात. वाईट बॉक्स ४ जीबीला गपचूप थांबतात. ३ मेगाबिटच्या चॅनलवर ४ जीबी भरायला जवळजवळ तीन तास लागतात, त्यामुळे मालिकांना अडचण नाही. एचडीवर क्रिकेटचा सामना लावलात तर सव्वा तासाच्या आत खेळ खलास. एनटीएफएसला ती मर्यादा नाही, पण काही बॉक्स एनटीएफएस नुसतं वाचतात, लिहीत नाहीत. चित्रपट लागतो पण रेकॉर्डचं बटण दाबलं की "जागा नाही" म्हणतात. तसं दिसलं तर अर्थ हाच. एक्सफॅट या तिसऱ्या पद्धतीच्या नादी लागू नका.

विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कला फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही. रुफस किंवा तसलंच दुसरं मोफत साधन वापरा, क्लस्टर (डिस्कवरच्या जागेचा सगळ्यात छोटा कप्पा) ३२ केबी ठेवा. लहान क्लस्टर ठेवलात तर मोठ्या डिस्कवर फॅटचं कोष्टकच अवाढव्य होतं आणि बॉक्सला मोकळी जागा मोजायलाच मिनिटभर लागतं.

मधुमालती_के

आईला दुपारच्या मालिका रेकॉर्ड करून हव्या असतात. टायमर लावलेला असतो, पण रोज सुरुवातीचं काही गायब, आणि आठवड्यातून दोनदा रेकॉर्डिंगच नाही. करंट तपासला, साडेतीन इंची डिस्क आहे, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे. फॅट३२ आहे. आता काय बघू?

चकतीप्रेमी

मधुमालतीताई, डिस्कची झोप बघा. बाहेरच्या डिस्कना वापर नसला की १० ते ३० मिनिटांत थाळी थांबवायची सवय लावलेली असते. टायमरच्या वेळी बॉक्स तिला हाक मारतो, तिला उठायला ५ ते १० सेकंद लागतात. काही बॉक्स तेवढं थांबतात, काही "डिस्क नाही" असं ठरवून मोकळे होतात. रोज सुरुवात गायब आणि अधूनमधून पूर्णच गायब, हे लक्षण बहुतेक झोपेचंच.

डिस्क विंडोजच्या संगणकाला लावा आणि डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं साधन उतरवून घ्या. वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट दोघांच्या साधनांत बऱ्याच मॉडेलना झोपेची वेळ बदलता येते. "कधीच नाही" ठेवा. हे सेटिंग डिस्कच्या आतच लिहिलं जातं, बॉक्सला लावल्यावरही टिकतं. तुमच्या मॉडेलला ती सोय नसेल तर टायमर ३ मिनिटं आधी आणि ५ मिनिटं नंतरचा लावा. चॅनलचं घड्याळही आपल्या घड्याळाशी कुठे जुळतं?

सोल्डरगन

आणखी एक विचारून घ्या : जेवण झाल्यावर घरातलं कोणी भिंतीवरचा स्विच बंद करतं का? वीज वाचवायची सवय चांगली, पण टायमर स्टँडबायमध्येच जागतो. भिंतीवरून बंद केलेल्या बॉक्सला कुठली दुपार आणि कुठली मालिका. स्विचवर कागद चिकटवा.

शिवाय एक समजून घ्या. साध्या बॉक्समध्ये ट्यूनर एकच. रेकॉर्डिंग चालू असताना दुसरं चॅनल बघायचं तर ते त्याच ट्रान्सपाँडरवरचं (उपग्रहावरून एकत्र येणाऱ्या चॅनलच्या गठ्ठ्यातलं) असावं लागतं. तसं नसेल तर काही बॉक्स विचारतात, "रेकॉर्डिंग थांबवू का?", आणि घाईत ओकेवर बोट पडतं. हेही "आठवड्यातून दोनदा"चं कारण असू शकतं.

मधुमालती_के

स्विच बाबा बंद करतात, आत्ताच कळलं. कागद लागला. झोपेचंही करून बघते.

एडिसन_आळी

मूळ लेखातल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जातीची खरी उदाहरणं अमेरिकेतली आहेत. इथे अमेरिकेतल्या मराठी घरांत यांतले जुने बॉक्स अजून पडून असतात, म्हणून तपशील देतो.

टिवो हे रेकॉर्डिंगचे बॉक्स म्हणजे एकत्र खातं. सिरीज ३ आणि टिवो एचडीपासून मागे ई-साटाचा (डिस्क जोडायचा, यूएसबीहून वेगळा) पोर्ट आला. मान्यता फक्त वेस्टर्न डिजिटलच्या 'डीव्हीआर एक्स्पांडर'ला, ५०० जीबी आणि १ टीबीची. एकदा जोडी जमली की पुढच्या प्रत्येक रेकॉर्डिंगचे तुकडे दोन्ही डिस्कवर पडतात. बाहेरची काढली तर बॉक्स विचारतो की संबंध तोडायचा का. हो म्हटलं की जोडल्यानंतरचं रेकॉर्डिंग गेलं, आतल्या डिस्कवर त्याचा अर्धा भाग असला तरीही. दोनपैकी कुठलीही एक डिस्क मेली तरी फळ तेच, म्हणजे जागा वाढवताना धोकाही वाढवून घेता. म्हणून जाणकार लोक रोमिओ मॉडेलमध्ये आतलीच डिस्क बदलतात. ३ टीबीपर्यंतची नुसती बसवली की बॉक्स स्वतः फॉरमॅट करून घेतो, जुनं रेकॉर्डिंग अर्थातच जातं.

डायरेक्टीव्ही या डीटीएच कंपनीचे एचआर२० ते एचआर२४ हे बदली कामगारवाले. ई-साटा डिस्क लावून सुरू केलं की बॉक्स तिच्यावरच चालतो, आतली दिसतच नाही. क्रम महत्त्वाचा : बॉक्सची पिन काढा, डिस्क जोडा, आधी डिस्क चालू करून थाळी फिरू द्या, मग बॉक्स. उलट केलंत तर बॉक्स आतल्या डिस्कवर उठतो आणि घरात हाहाकार, "सगळं रेकॉर्डिंग उडालं". काही उडालेलं नसतं. बंद करून पुन्हा बरोबर क्रमाने चालू करा.

डिश नेटवर्क या दुसऱ्या डीटीएच कंपनीचे व्हिप ७२२ आणि पुढचे हॉपर हे पोटमाळेवाले. यूएसबीची डिस्क बॉक्स स्वतः फॉरमॅट करतो, मग मेन्यूतून निवडून कार्यक्रम तिकडे हलवायचे. तिथूनच बघताही येतात. त्यांचं कुलूप बॉक्सला नाही, खात्याला असतं. त्याच खात्यावर बॉक्स बदलला तरी डिस्क चालते. तिघांत हा मला सगळ्यात शहाणपणाचा कारभार वाटतो.

ई-साटाबद्दल दोन शब्द : या केबलमधून वीज जात नाही, म्हणून डिस्कला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर हवाच. लांबी २ मीटरच्या आत. साध्या साटाची केबल दिसायला भाऊबंद, पण तोंड वेगळं आहे, जबरदस्ती करू नका.

सातारी_कंदील

एडिसन_आळी, असला टिवो आणि त्याची डिस्क भावाने भारतात आणली आहे. इथे काही उपयोग?

एडिसन_आळी

बॉक्सचा नाही. तो अमेरिकन केबल आणि अँटेनाच्या सिग्नलसाठी आहे, आपली छत्री त्याला समजत नाही. डिस्कचा आहे. अ‍ॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते आधी वाचा. नुसता ई-साटाचा पोर्ट असेल तर डबा उघडून आतली साडेतीन इंची डिस्क काढा आणि १२ व्होल्ट अ‍ॅडॉप्टरवाल्या यूएसबी डब्यात घाला.

टिवोचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, डिस्क रिकामी किंवा अनोळखी दिसेल. विंडोजच्या डिस्कपार्ट साधनात ती डिस्क निवडून 'क्लीन' ही सगळं पुसणारी आज्ञा चालवा, मग एमबीआर. क्लीन चालवण्याआधी डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा वाचा. शून्य क्रमांकाची बहुतेक तुमच्या संगणकाची स्वतःची असते आणि 'क्लीन' काही विचारत नाही. ही डिस्क जुनी आहे, तेव्हा डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये क्रमांक ०५ आणि सी५ (खराब ठरलेले आणि संशयित सेक्टर) या दोन ओळींचे कच्चे आकडे बघा. दोन्ही शून्य असतील तर वापरा. सी५ शून्याच्या वर असेल तर त्यावर आईच्या मालिका सोपवू नका.

फ्यूज

वीज जाण्याचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणजे सगळे मुंबईत राहतात की काय?

रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर बऱ्याच बॉक्सवर फाइल बंद होत नाही. फॅट३२ वर ती फाइल शून्य बाइटची दिसते, पण जागा खाल्लेली असते. ती डिस्क संगणकाला लावा आणि विंडोजचं चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायासह चालवा. हरवलेले तुकडे गोळा होऊन सीएचके शेपटीच्या (नावाच्या शेवटी .chk असलेल्या) फाइली तयार होतात. त्यांतली सगळ्यात मोठी घ्या, शेपूट बदलून टीएस करा, व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा. बहुतेक वेळा वीज जाईपर्यंतचं सगळं मिळतं, कारण ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (म्हणजेच टीएस) हा प्रकारच असा आहे की मधूनच सुरू केला तरी वाजतो. बॉक्स मात्र ती फाइल यादीत दाखवीलच असं नाही, त्याची अनुक्रमणिका अर्धवट राहिलेली असते.

कायमचा उपाय म्हणजे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस, १२ व्होल्ट २ अँपिअरचा. बॉक्स १२ व्होल्टचा असेल तर तासभर आरामात निघतो. पिनेचा आकार आणि मधला ध्रुव धन आहे ना ते तपासा, काही बॉक्स ५ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिलेत तर धूर. अडीच इंची डिस्क बॉक्सवर असेल तर तीही यात तरते. साडेतीन इंची डिस्क या छोट्या यूपीएसवर टाकू नका, सुरू होतानाची ओढ त्याला झेपत नाही. तिथे मोठा इन्व्हर्टर किंवा संगणकाचाच यूपीएस, आणि डिस्क व बॉक्स दोन्ही त्याच्यावर. एक जिवंत आणि एक मेलेला, ही सगळ्यात वाईट अवस्था.

वैनगंगा

हब लावला, २ टीबी चालली. आभार. आता दुसरा प्रश्न : आवाज आणि करंट दोन्ही टाळायला एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) का लावू नये?

सोल्डरगन

लावा, पण टाइमशिफ्ट (चालू कार्यक्रम थांबवायची, मागे न्यायची सोय) बंद करा. टाइमशिफ्ट चालू असलं की टीव्ही बघताय तितका वेळ बॉक्स लिहीत असतो, रेकॉर्डचं बटण न दाबताही. ८ मेगाबिटचं चॅनल दिवसरात्र चालू राहिलं तर रोज ८६ जीबी लिहिले जातात. ८० टीबी लेखनाची हमी असलेल्या छोट्या एसएसडीचा हिशोब अडीच वर्षांत पुरा. दिवसाला सहा तास बघत असाल तर दहा वर्षं.

चकतीप्रेमी

असहमत. हमीचा आकडा म्हणजे मरणाची तारीख नव्हे, एसएसडी त्यापुढेही चालतात. माझा आक्षेप पैशाचा आहे. ताशी दीड जीबीच्या मालिकेसाठी एसएसडी म्हणजे भाजी आणायला ट्रक. फिरत्या डिस्कमध्ये पाळत-कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या असतात, वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. चोवीस तास सलग लेखन हेच त्यांचं काम. बाजारात जुन्या कॅमेरा यंत्रणेतून निघालेल्याही मिळतात, त्या मात्र वरच्या ०५ आणि सी५ च्या परीक्षेला बसवल्याशिवाय घेऊ नका.

पेनड्राइव्हवाल्यांनाही सांगतो : टाइमशिफ्ट पेनड्राइव्हला डिस्कपेक्षा लवकर मारतं. आणि अनोळखी दुकानातला "२ टीबी" पेनड्राइव्ह बहुधा ३२ जीबीचा असतो, वरचं सगळं थाप. एच२टेस्टडब्ल्यू या साधनाने पूर्ण भरून तपासा. बॉक्सला काही कळत नाही, तो खुशाल हवेत लिहीत राहतो.

सातारी_कंदील

खासगी डीटीएच कंपनीचा बॉक्स आहे, यूएसबी डिस्कवर दोन वर्षांचं रेकॉर्डिंग आहे. बॉक्स बदलून मिळणार आहे. संगणकाला डिस्क लावली तर विंडोज म्हणतं "वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?"

फ्यूज

नाही म्हणा. हात कीबोर्डवरून काढा आणि डिस्क उपटा. असे बरेच बॉक्स लिनक्सवर चालतात, डिस्कही त्याच पद्धतीने फॉरमॅट करतात. विंडोजला ती वाचता येत नाही एवढाच त्या वाक्याचा अर्थ. हो म्हणणाऱ्यांनी जितकी रेकॉर्डिंग घालवली तितकी विजेनेही घालवली नसतील.

सोल्डरगन

पण कंदील, खरी बातमी वाईट आहे. डीटीएच बॉक्समधलं रेकॉर्डिंग साधारणपणे कुलूपबंद असतं आणि किल्ली त्या विशिष्ट बॉक्सच्या चिपमध्ये. लिनक्सवर डिस्क उघडून फाइली दिसल्या, कॉपी केल्या, तरी वाजणार नाहीत. नवा बॉक्स तीच डिस्क लावल्यावर बहुधा फॉरमॅटच मागेल. कुलूप तोडायचे धंदे इथे विचारू नका, २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात त्याला ६५ए कलम आहे. जुना बॉक्स परत देण्याआधी जे बघायचं ते बघून घ्या. बॉक्स नुसता बदलीचा प्रस्ताव असेल आणि जुना चालत असेल, तर बदलूच नका.

मूळ लेखात पहिल्या जातीचे हे दोन पोटभेद सांगायला हवे होते : उघडा आणि कुलूपवाला. चूक माझी.

मधुमालती_के

झोप बंद केल्यापासून चार दिवस सगळं रेकॉर्ड झालंय. आता १ टीबी भरत आलीय, २ टीबीवर हलवायचं आहे. बॉक्स फ्री डिशचा. नुसतं कॉपी-पेस्ट चालेल?

चकतीप्रेमी

चालेल, दोन गोष्टी सांभाळून. नवी डिस्क आधी बॉक्सला लावून त्याच्याकडूनच फॉरमॅट करा आणि १ मिनिटाचं काहीतरी रेकॉर्ड करा, म्हणजे तो आपला फोल्डर स्वतः बनवेल. अली कंपनीच्या चिपवर चालणाऱ्या बऱ्याच बॉक्समध्ये त्याचं नाव अलीडीव्हीआरएस२ असं असतं. आत प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा फोल्डर, त्यात ०००.टीएस, ००१.टीएस असे तुकडे आणि सोबत माहितीची छोटीशी फाइल. जुन्या डिस्कमधले आतले फोल्डर जसेच्या तसे नव्यात टाका. नावं बदलू नका, ती छोटी फाइल सोडू नका. ती नसेल तर बॉक्सच्या यादीत कार्यक्रम येत नाही, मग "मीडिया प्लेअर"मधून एकेक तुकडा लावत बसावं लागतं.

एखादी मालिका कायमची संगणकावर ठेवायची असेल तर ०००, ००१ हे तुकडे एकामागे एक नुसते चिकटवले तरी चालतात, टीएसचा तोच फायदा. एव्हीडीमक्स या संगणकावरच्या साधनात पहिला तुकडा उघडून बाकीचे मागे जोडा, चित्र आणि आवाज दोन्हींपुढे 'कॉपी' ठेवा, म्हणजे पुन्हा एनकोड होणार नाही आणि प्रत घसरणार नाही. कापायचं असेल तर की-फ्रेमवरच (जिथे अख्खं चित्र साठवलेलं असतं तिथेच) कापा, नाहीतर सुरुवातीला काही क्षण करड्या चौकटी येतात.

यूएसबी २.० च्या संगणकावर १ टीबी हलवायला ८ ते १० तास जातील. रात्री लावा, आणि बाबांना स्विचचं सांगून ठेवा.